चोर्ला घाट उतरून पोर्तुगीजच्या वर्गापर्यंत

भाचीला पोर्तुगीज शिकायचंय म्हटल्यावर घरात पहिलं नाव निघालं पुण्याचं, दुसरं बेंगळुरूचं. बेळगावात परकी भाषा म्हटली की सगळ्यांची नजर तिकडंच जाते. पोर्तुगीज शिकवणारं गोवा विद्यापीठ बेळगावहून चोर्ला घाटातून सुमारे 110 किलोमीटर, हे कुणाला सुचलंच नाही. मग आम्ही दोघंच एका बुधवारी सकाळच्या बसनं निघालो.

जांबोटीपर्यंत बसमध्ये मराठी-कन्नड मिसळून चाललेलं. कणकुंबी मागं पडली, घाट उतरून केरी आली आणि पुढच्या बाकावर कोकणी सुरू झाली. डिचोलीत भाचीला सांगितलं, तिथल्या भाषा-साहित्य प्रशालेला ज्यांचं नाव आहे ते कोकणी लेखक शणै गोंयबाब 1877 साली या गावात जन्मले. ती खिडकीतून मान बाहेर काढून बघत राहिली.

विद्यापीठ ताळगावच्या पठारावर आहे. पणजीच्या कदंब स्टँडवरून बस मिळते. या भाषा-साहित्य प्रशालेत मराठी, कोकणी, हिंदी, इंग्रजीच्या शेजारीच पोर्तुगीज आणि फ्रेंच. मला हे फार मोलाचं वाटलं. चावी, पगार, बटाटा, पाव हे शब्द आपण रोज बोलतो, ते पोर्तुगीजमधूनच आलेत. पांडुरंग पिसुर्लेकरांनी पोर्तुगीज दप्तरं वाचून मराठ्यांचा इतिहास उजेडात आणला. त्यांचा ग्रंथसंग्रह इथल्याच ग्रंथालयात आहे. भाची म्हणाली, "मामा, म्हणजे आपलीच कागदपत्रं वाचायला ही भाषा लागणार की!" तिला ते उमगलं, तिथंच माझी फेरी सार्थकी लागली.

आता जाणाऱ्यांसाठी. एम.ए. करायचं असेल तर आधी भाषा कितपत यायला हवी, हे पहिल्यांदा विचारा. तिथल्या प्रवेशासाठी जीयू-आर्ट परीक्षा असते, तिची तारीख चुकवू नका. सगळ्या सेमिस्टरची मूळ मार्क्सकार्डं बरोबर न्या. आम्ही झेरॉक्सच घेऊन गेलो आणि मला अजून त्याची रुखरुख आहे, कारण त्यासाठी पुन्हा जावं लागणार. कर्नाटकातल्या विद्यापीठातून जाताना मायग्रेशन सर्टिफिकेट, म्हणजे विद्यापीठ बदलण्याचा दाखला लागतो. त्याचा अर्ज निकाल लागताच टाका, शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका.

पावसाळ्यात चोर्ल्यात धुकं दाट असतं, बस रेंगाळते. तेव्हा मुक्कामाच्या तयारीनंच निघा. परतीची शेवटची बस कितीची, ते स्टँडवर उतरल्या उतरल्या विचारून ठेवा.