उलटी पिशवी

पिशवी उलटी करून भरायची युक्ती मला दुसऱ्या फेरीत सुचली. त्या नव्या दुकानाची कापडी पिशवी तशी दणकट आहे. बारा रुपयांत कोणी शिवूनसुद्धा देणार नाही. पण तिच्यावर दोन्ही बाजूंनी दुकानाचं नाव एवढ्या मोठ्या अक्षरांत छापलंय की आमच्या बडोद्याच्या सुरसागर तलावातल्या महादेवालाही उभ्या जागेवरून वाचता यावं. ती हातात घेऊन दांडिया बाजारात शिरायचं म्हणजे आमच्या करियाणावाल्या भाईंच्या समोरून जायचं, आणि भाई गल्ल्यावर बसतात ते कायम रस्त्याकडे तोंड करून. पिशवी उलटी केली की शिवण बाहेर येते, धागे लोंबतात, पण अक्षरं पोटात जातात.

पहिल्या फेरीला ही युक्ती नव्हती. तेव्हा मी रिक्षावाल्याला सरळ रस्ता सोडून राजमहाल रोडने, खंडेराव मार्केटवरून फिरून घ्यायला सांगितलं. तो आरशातून माझ्याकडे बघत म्हणाला, "बेन, आ तो लांबु पडशे." मी म्हटलं, पडू दे.

दुकान उघडलं श्रावणाच्या सुरुवातीला, वाघोडिया रोडकडे. आधी आठवडाभर वर्तमानपत्रातून रंगीत कागद पडत होते. साखर ४१ रुपये किलो. तुपावर इतके कमी, साबणावर एक फुकट. आमच्याकडे हे बातम्यांच्या आधी तो कागद वाचायला लागले आणि महत्त्वाच्या ओळींखाली पेनने रेघा मारायला लागले. बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाला रेघ मारायला काहीतरी लागतंच. शेवटी मीच म्हटलं, जाऊन तरी येते. स्वस्ताईचा मोह मला नाही असं मी म्हणणार नाही. दहा रुपये वाचले की मला जो आनंद होतो, तो शंभर मिळाले तर होत नाही.

दारात रखवालदाराने माझ्या पर्सच्या चेनला प्लास्टिकची पट्टी बांधली. आत गार हवा, आणि ढकलायला ट्रॉली. ट्रॉलीशी माझं पहिल्यांदा जमलं नाही. तिचं एक चाक सारखं डावीकडे जायला बघत होतं. पण या गाडीचा शोध लावणाऱ्याचीही सुरुवातीला अशीच पंचाईत झाली होती. १९३७ साली अमेरिकेत ओक्लाहोमामधल्या सिल्व्हन गोल्डमन नावाच्या दुकानदाराच्या लक्षात आलं, की टोपली जड झाली की गिऱ्हाईक खरेदी थांबवतं. म्हणून त्याने टोपलीला चाकं लावली, तर लोक तिला हात लावेनात. बायकांना ती बाबागाडी वाटली. पुरुषांना वाटलं, एवढीशी टोपली उचलायला आपण काय म्हातारे झालो? शेवटी त्याने पगारी माणसं ठेवली आणि त्यांना दिवसभर दुकानातून गाड्या ढकलत फिरायला लावलं. ते बघून मग बाकीचे ढकलायला लागले. म्हणजे तोवर आपल्याला किती घ्यायचं हे हात सांगत होता. पिशवीचे बंद बोटांना काचायला लागले की मी घरी यायची. इथे काचायला काही नाहीच.

साखर सगळ्यात मागच्या भिंतीला होती. ती तिथे का हे कळायला मला वेळ लागला नाही, कारण तिथवर पोचेपर्यंत गाडीत झाकणाच्या पाच डब्यांचा एक संच, फरशी पुसायच्या औषधाच्या दोन बाटल्या आणि आमच्याकडे कोणीच खात नाही अशी ओटची बिस्किटं येऊन बसली होती. साखरेवर त्यांना काही सुटत नसेलही. वाटेतल्या डब्यांवर सुटत असणार.

तेलाच्या डब्यांपाशी एक मुलगी उभी होती, नवीन लग्नाची वाटली, फोनवर कोणाला तरी विचारत होती. तिने हात घातला तो पंधरा लिटरच्या सिंगतेलाच्या, म्हणजे शेंगदाणा तेलाच्या डब्याला. माझ्या तोंडून आपोआप निघालं, "बेन, आ लिटरनो छे, किलोनो नथी." ती बघतच राहिली. मग मी सांगितलं, की लिटरभर तेल वजनाला ९१० ग्रॅमच्या आसपास भरतं, म्हणजे पंधरा लिटरचा डबा साडेतेरा किलोच्या जरा वर जातो. पंधरा किलोच्या डब्याशेजारी त्याचा भाव कमी दिसतो, पण त्यात तेलही जवळजवळ १ किलो ३५० ग्रॅमने कमी असतं. तिने डबा खाली ठेवला, "थँक यू आंटी" म्हणाली आणि किलोवाला उचलला. आणि मला उगीच कसंतरी झालं. कारण हे शहाणपण माझं नव्हतंच. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात मी भाईंच्या दुकानात डबा मागितला, तेव्हा त्यांनी मला विचारलं होतं, "डब्बो पंदर किलोनो के पंदर लिटरनो?" आणि मी, "त्यात काय फरक?" असं विचारलं होतं. दुकानात चार माणसं हसली होती.

त्या उन्हाळ्यात मी बऱ्याच गोष्टींनी लोकांना हसवलं. माझं माहेर साताऱ्याकडचं. सासऱ्यांनी सांगितलं, पाच मण गहू सांगून ये. माझ्या आजोबांच्या बोलण्यातला मण चाळीस शेरांचा, आजच्या मापात साधारण सव्वासदतीस किलोचा. म्हणजे पाच मण झाले १८६ किलो. घरात माणसं पाच, खोल्या तीन. मी रात्रभर विचार करत पडले होते की हे लोक गहू झोपायला घेतात की काय. सकाळी कळलं की गुजरातेत मण वीस किलोचा. शंभर किलो गहू म्हणजे वर्षाची साधी बेगमी. माझ्या माहेरचा मणच मोठा आहे, हे वाक्य पुढे मी सासरी बरेच दिवस वेगवेगळ्या प्रसंगी वापरलं.

ते गहू एप्रिल-मेमध्ये यायचे, गच्चीवर पसरून निवडायचे, मग परातीत घेऊन हाताला दिवेल लावून चोळायचे. दिवेल म्हणजे एरंडेल. त्याने कीड लागत नाही, पण तीन दिवस हातांना, पदराला, मुलांच्या केसांनासुद्धा तोच वास. तूरडाळ घ्यायला सासूबाई स्वतः हाथीखान्यात जायच्या. नाव सांगतंच, पण आता तिथे हत्ती नाहीत, धान्याची पोती आहेत. तूरडाळीसाठी नावाजलेल्या वासदची डाळ असली तरी त्या एक दाणा दाढेखाली धरून कटकन फोडायच्या. आवाज आला तर डाळ कोरडी, वर्षभर टिकणार. नुसताच चेपला तर पुढच्या दुकानात. नव्या दुकानात मी डाळीचं पाकीट हातात घेतलं, वरून दाबलं, हलवून बघितलं, कानाशीसुद्धा नेलं. काही कळलं नाही. पाकिटावर ग्रॅमला किती पैसे पडतात तेही छापलेलं होतं, पण एवढ्या बारीक अक्षरांत की दाण्यापेक्षा ते वाचायलाच दात लागावेत.

बरं, आम्ही तरी आता कुठे शंभर किलो भरतो? मुलगा पुण्यात, मुलगी कॅनडात. दोन माणसांना महिन्याला दहा किलो पीठ डोक्यावरून पाणी. पिठाच्या पाकिटावर ५ टक्के जीएसटी आणि सुट्या गव्हावर नाही, हे मला सांगितलं तेही भाईंनीच. २०२२ च्या जुलैत तो नियम आला, २५ किलोपर्यंतच्या बांधीव मालाला. मग बाजारात २६ किलोच्या गोणी दिसायला लागल्या. भाईंना या गोष्टीचा फार आनंद. कायदा आला की दोन दिवसांत त्याच्या शेजारून वाट काढणारा माणूस त्यांना देवासारखा वाटतो.

घरी आल्यावर ह्यांनी बिल पालथं घालून हिशेब मांडला. बिलाच्या खाली ठळक छापलं होतं, आज तुम्ही ४१२ रुपये वाचवले. जाताना रिक्षा ८०, येताना लांबून ११०. राहिले २२२. डब्यांचा संच २४९. "म्हणजे २७ रुपये आपणच त्यांना देऊन आलो," हे म्हणाले आणि ओटचं बिस्किट खाऊन बघितलं. त्यावर मी काही बोलले नाही. डबे छानच आहेत.

तरी मी पुन्हा गेले. दुसऱ्या फेरीला, तिसऱ्यालाही. त्या गारव्याची, त्या रांगा लावून ठेवलेल्या वस्तूंची, कोणी काही न विचारता हवं ते उचलायची एक चटक लागते. भाईंच्या दुकानात पाव किलो काजू मागितले तर "कोण येणार आहे?" असं विचारतात. इथे कोणी विचारत नाही. कधी कधी कोणी न विचारणं बरं वाटतं, हे खरं आहे.

मग लपवायचं कशाला? भाई रागावले असते असं मुळीच नाही. ते कधीच काही बोलले नसते, आणि तेच नको होतं. सासरे गेले तेव्हा त्यांनी न सांगता चहा, साखर, तांदूळ, तूप पाठवलं होतं. तेराव्यापर्यंत चोपड्यात एक ओळ लिहिली नाही. चौदाव्या दिवशी मात्र सगळं लिहिलं, काडेपेटीसकट. असल्या माणसासमोरून दुसऱ्याची पिशवी कशी मिरवायची?

चौथी फेरी गणपतीच्या चार दिवस आधीची. मोदकांच्या आणि प्रसादाच्या साखरेसाठी थेट मागच्या भिंतीपाशी गेले. वर पाटी, एका बिलावर पाच किलोच. आणि त्या पाटीखाली, गाडीत पाच किलो साखर, कपडे धुवायच्या पावडरीची सहा पाकिटं आणि तेलाच्या पिशव्या घेऊन भाई उभे. गल्ल्याच्या मागून बाहेर आलेले भाई मी तीस वर्षांत फार तर दोनदा बघितले असतील. पँट घालतात हे माहीत होतं, पण बघितली पहिल्यांदाच.

मी वळायच्या आत त्यांनी बघितलं. दोघंही काही क्षण साखरेकडे बघत उभे राहिलो.

"माझा डिस्ट्रिब्यूटर मला ही पावडर ज्या भावाने देतो ना वहिनी," भाई हळू आवाजात म्हणाले, "त्याच्यापेक्षा इथे एमआरपीवर कापून स्वस्त पडते. शू करीए?" त्यांच्या दुकानात परवा मी जी पावडर घेतली, ती कुठून आली असेल याचा मला तिथे उलगडा झाला. म्हणजे मी इथे येत नव्हते तेव्हाही इथलंच वापरत होते.

मग त्यांनी इकडे तिकडे बघितलं. "तुमच्या बिलावर पाच किलो लई लेशो? मला गणपतीला कमी पडणार."

मी घेतली. माझ्यासाठी दोन आणि त्यांच्यासाठी पाच असं काही चालेना, एकूण पाचच, म्हणून माझी दोन राहिली. ती त्यांच्या दुकानातून घ्यायची असं ठरलं. काउंटरवर पैसे मी दिले, २०५ रुपये साखरेचे. दारातला माणूस बिलावर शिक्का मारताना आमच्या दोघांकडे संशयाने बघत होता, आणि त्याचं चुकलं नव्हतं.

बाहेर भाईंनी अ‍ॅक्टिव्हाच्या पुढे सामान रचलं. "रिक्षा कशाला करता? तुमची पिशवीही द्या. सांजे दुकानातून लई जजो." मी माझी पिशवी दिली. घाईत ती सुलटीच भरली गेली होती, नाव बाहेर. त्यांनी ती पायाशी ठेवली आणि वर स्वतःची ठेवली. त्यांच्या पिशवीची शिवण बाहेर होती. धागे लोंबत होते.

संध्याकाळी गेले तर माझी पिशवी गल्ल्याशेजारी, रस्त्याच्या बाजूने, अक्षरं सगळ्या दांडिया बाजाराला दाखवत उभी. समोरच्या वाड्यातल्या काकू नेमक्या तिथेच हिंग घेत होत्या आणि पिशवीकडे बघत होत्या. मी काही बोलायच्या आत भाईंनी लाल चोपडा ओढला, आमचं पान काढलं, चष्मा लावला. त्या पानावर आजवर जे काही लिहिलं गेलं ते उधारच्या बाजूला. ह्या वेळी त्यांनी डावीकडे सावकाश लिहिलं, जमा २०५.

मला एकदम श्रीमंत वाटलं. दोन किलो साखर घेतली, हिंग घेतला, मोहरी, आणि मोदकांच्या सारणाला किलोभर कोल्हापुरी गूळ. इथे त्याला कोल्हापुरी गोळ म्हणतात आणि हातात घेताना आवाज जरा खाली आणतात. गुळाचा कोपरा फोडून भाईंनी एक तुकडा माझ्या हातावर ठेवला आणि एक काकूंच्या. मग बोटांवर बेरीज केली, पेन उचललं.

"बसो सत्तर," ते म्हणाले, म्हणजे दोनशे सत्तर. पुन्हा बघितलं, पान उलटवलं, आणि नव्या पानाच्या उधारच्या बाजूला ६५ लिहिले.

"आपीने जाउं छुं," देऊनच जाते, मी पर्स उघडत म्हटलं.

"रहेवा दो ने वहिनी," चोपडा मिटत भाई म्हणाले, "आवते वखते, पुढच्या वेळी."