वृत्तसराव, चौथा महिना: आर्या थांबवली, केशवसुत घेतले

पहिले तीन महिने फक्त आर्या, म्हणजे जुन्या पंतकवींच्या आवडत्या मात्रावृत्तातल्या कविता, लिहिल्या. रोज सकाळी एक, 12 आणि 18 मात्रांचा ठेका अंगात मुरेपर्यंत (ऱ्हस्व अक्षराची एक मात्रा, दीर्घाच्या दोन). या महिन्यात केशवसुत आणि बालकवी वाचायला घेतले आणि हात अडला.

कुठे अडला ते दाखवते. माझ्या एका आर्येचा पहिला चरण: 'पाऊस पडे अंगणि'. पाऊ, सपडे, अंगणि. चार-चार मात्रांचे तीन गण (गट), बारा पूर्ण. 'अंगणी'ची वेलांटी ऱ्हस्व केली, तेवढी सूट पंतकवी घेतच. पुढे ढग, मोर आणि शेवटी ईश्वराची कृपा. मात्रा चोख, पण तो पाऊस कुणाच्याच अंगणात पडत नव्हता.

माझा समज होता की केशवसुतांनी वृत्तं मोडली. तसं नाहीच. 1892 साली 'मयूरासन आणि ताजमहाल' लिहून त्यांनी मराठीत सुनीत (सॉनेट) आणलं, म्हणजे 14 ओळींचं नवं बंधनच घेतलं. 'तुतारी' 1893ची, तिच्या ओळी मोजून बघा, सोळा-सोळा मात्रा. बदलला तो बोलणारा. आर्येसाठी ओळखले जाणारे पंतकवी मोरोपंत महाभारत सांगतात तेव्हा स्वतः बाजूला उभे असतात. ('केकावली'त मात्र पंत स्वतःचं गाऱ्हाणं देवापुढे मांडतात, म्हणून ती मला त्यांच्या इतर रचनेपेक्षा जवळची वाटते.) 'तुतारी'त 'मी' स्वतःच्या प्राणांनी फुंकायला पुढे येतो, समोर देव नाही, समाज आहे.

म्हणून तोच पाऊस सोळा मात्रांत घेतला: 'मी दारातच भिजते आहे'. खूश होते. आठवडाभर प्रत्येक ओळीत 'मी' घातला.

मग बालकवींची 'औदुंबर' वाचली. आठच ओळी. पैल टेकडीकडचं गाव, शेतमळे, पांढरी पायवाट, काळा डोह आणि पाण्यात पाय सोडून बसलेलं झाड. 'मी' एकदाही येत नाही, बोधही नाही, तरी उदासी थेट छातीत उतरते. पायवाट हिरवळीतून डोहाकडे निघते तिथे मी दर वेळी थांबते. भाव शब्दात सांगितलेलाच नाही, तो त्या वाटेच्या रंगात आणि दिशेत आहे. कवितेचं रोमँटिक वळण, म्हणजे स्वतःच्या भावनेकडे वळणं, म्हणजे 'मी' लिहिणं, ही माझी समजूत तिथेच गळाली.

काल ओळ पुन्हा बदलली: 'दारामध्ये भिजते चप्पल'. सोळाच मात्रा. पुढच्या ओळीला लगेच यमक जुळवायचं की ते चौथीपर्यंत लांबवायचं, यावर सध्या अडले आहे.