टाके वितळले तेव्हा

छोट्या आर्ट क्विल्टच्या, म्हणजे कापडाचे थर शिवून केलेल्या चित्रांच्या, कार्यशाळेत त्या दिवशी हीट गनचं (गरम हवा सोडणाऱ्या यंत्राचं) काम होतं. तुकडा 25 बाय 25 सेंमीचा. तळाला मांजरपाट, त्यावर पातळ केलेल्या अ‍ॅक्रिलिक रंगाचा हात, रंग वाळल्यावर जुन्या साड्यांच्या काठांचे तुकडे आणि सगळ्यांवर पॉलिएस्टर ऑर्गंझाचे, म्हणजे पातळ पारदर्शक कापडाचे, दोन थर. कापड पुढे सरकवणारे मशीनचे दात खाली पाडायचे, कापड मोकळं फिरू देणारा डार्निंग फूट लावायचा आणि कापड हाताने फिरवत नक्षी शिवायची. मग 5-6 सेंमीवरून गरम हवा दिली की टाक्यांमधला ऑर्गंझा वितळून मागे सरतो आणि खालचे रंग, काठ उघडे पडतात.

एका ताईंच्या तुकड्यावर हवा दिली आणि ऑर्गंझाबरोबर टाकेही गेले. उलट्या बाजूला बॉबिनचा, म्हणजे खालचा, दोरा मात्र शाबूत, नुसता सैल लोंबत होता. बॉबिनमध्ये सुती दोरा होता, वरचा पॉलिएस्टरचा. त्यात दोन काठांपैकी एक जसाच्या तसा राहिला आणि दुसरा आकसला, इतका की खालचा मांजरपाटही चुण्या पडून वर आला.

पॉलिएस्टर साधारण 250 ते 260 अंश सेल्सियसला वितळतं आणि हीट गनची हवा त्याहून सहज गरम असते. सूत कितीही तापवलं तरी वितळत नाही. आधी पिवळं पडतं, मग करपतं. सगळं तंत्र या एका फरकावर उभं आहे, म्हणून वरचा दोराही सुतीच हवा. आकसलेल्या काठाची जरतार प्लास्टिकची होती. हल्लीच्या बऱ्याच साड्यांत तीच असते आणि नुसती बघून भल्याभल्यांना ओळखता येत नाही.

त्यामुळे शिवण थांबवून सगळ्यांचं सामान आधी जाळून पाहिलं. एकेक धागा उपसायचा, चिमट्यात धरायचा, खाली पाण्याचं भांडं ठेवून ज्योतीजवळ न्यायचा. पॉलिएस्टर आक्रसून त्याचा कडक मणी होतो. सूत भरभर जळतं, जळक्या कागदाचा वास येतो, राख मऊ असते. रेशमाला जळक्या केसांचा वास येतो आणि उरलेला काळा गोळा बोटांनी चुरडता येतो. दुकानात ‘ऑर्गंझा’ म्हणून रेशमीही मिळतो. तो हीट गनखाली वितळत नाही, नुसता करपतो. खिडक्या उघड्या, मास्क लावलेला आणि ओढण्या, पदर बांधलेले हवेतच.

क्रमही चुकवून चालत नाही. पॉलिएस्टरचं वाडिंग (क्विल्टच्या आतला मऊ थर) आधीच आत घातलं तर तेही आकसतं आणि क्विल्टची वाटी होते. वरचा थर पूर्ण तापवून, थंड करून मगच सुती वाडिंग आणि अस्तर लावावं. रंग जाड बसला असेल तर ऑर्गंझा तिथे चिकटून राहतो, सरकत नाही. शिवाय जाड रंगात सुई अडते आणि एकदा पडलेलं भोक बुजत नाही, म्हणून उसवायची वेळच येऊ देऊ नये. 90/14 नंबरची सुई मला इथे सर्वांत भरवशाची वाटते.

ताईंचा तुकडा मी टाकू दिला नाही. आकसलेल्या जरीचा पोत सुरेख आला होता, मुद्दाम करून तसा साधत नाही. बॉबिनचा सैल दोरा काढून टाकला, सुती वाडिंग आणि अस्तर जोडलं आणि भरतकामाच्या दोऱ्याचे दोन पदर घेऊन, गोधडीला घालतात तसा धावदोरा त्या चुण्यांच्या कडेकडेने घातला. टाके जुन्या भोकांतूनच नेले, म्हणजे रंगाला नवीन छिद्रं पडली नाहीत.