ताळा

दहावी होऊन 35 वर्षे झाली, तरी दुकानातल्या बिलाची बेरीज मी एकदा वरून खाली आणि एकदा खालून वर अशी करतो आणि घरातली मंडळी हसतात. हा दोष माझा नव्हे. कोल्हापुरातल्या आमच्या हायस्कुलात गणित शिकवणाऱ्या सरांनी ही खोड वर्गातल्या प्रत्येकाला लावून ठेवली आहे. वही घेऊन टेबलापाशी गेलेल्या मुलाच्या उत्तराकडे सर पाहतच नसत, "ताळा केलास का?" एवढेच विचारत. 347 ला 26 ने गुणून 9022 आले असतील, तर 3, 4 आणि 7 मिळून 14, म्हणजे 5. 2 आणि 6 मिळून 8. पाच आठे चाळीस, म्हणजे 4. आणि 9022 च्या अंकांची बेरीज 13, म्हणजे पुन्हा 4. जुळले की जागेवर जायचे. एकदा मात्र वर्गातल्या एका हुशार मुलाने घाईत 9202 असे उत्तर लिहिले, ताळाही जुळवून दाखवला आणि तरीही वही परत आली, तेव्हा आम्हांला कळले की अंकांची अदलाबदल या ताळ्याला सापडत नाही. ताळा चुकला तर उत्तर नक्की चूक. पण जुळला म्हणून ते बरोबरच असेल, असे नाही. त्या तासाचे मला पुढे इतके दिवस काम पडेल, असे तेव्हा वाटले नव्हते.

गेल्या पावसाळ्यात आमच्या तुकडीने सरांचा सत्कार करायचे ठरवले. दिवस कोणता, यावरच व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर आठवडाभर वाद चालला. एका पक्षाला 5 सप्टेंबर हवा होता, दुसऱ्याला गुरुपौर्णिमा. सरांना विचारले तर ते भलत्याच आठवणीत शिरले. शिक्षक दिन सुरू झाला त्याच 1962 साली, 18 नोव्हेंबरला, डॉ. राधाकृष्णन शिवाजी विद्यापीठाच्या उद्घाटनाला कोल्हापुरात आले होते आणि राजाराम कॉलेजात शिकणारे आमचे सर तेव्हा गर्दीत अगदी मागे, टाचा उंच करून उभे होते. एवढे सांगून झाल्यावर, "तुम्हांला सुट्टी असेल तो दिवस धरा," असे त्यांनी व्यवहारी उत्तर दिले आणि गुरुपौर्णिमेजवळचा रविवार ठरला.

आषाढात कोल्हापूरकराला आभार मानायला फारसे निमित्त लागत नाही. नदीला नवे पाणी आले तरी ते घागरीत भरून, पी-ढबाकच्या तालावर मिरवत, टेकडीवरच्या त्र्यंबोलीच्या पायरीवर नेऊन ओतणारे हे गाव आहे. सरांचे वय 82 असल्यामुळे तेवढे वाद्य आम्ही टाळले. फेटा मात्र टाळता आला नाही. भर पावसात सभागृहाच्या दारात गाडीतून उतरणाऱ्या सरांना आमच्यातल्या एकाने, "काय ओ सर, वळिखलासा का?" असे विचारले, तेव्हा त्यांनी क्षणभर निरखून पाहिले आणि म्हणाले, "सत्तावीस." सर नावे विसरले आहेत, हजेरीचे क्रमांक विसरलेले नाहीत. (राजारामपुरीतल्या गल्ल्या नावांनी नव्हे, क्रमांकांनी ओळखल्या जातात. गणिताच्या शिक्षकाने त्यांतल्याच एका गल्लीत घर करावे, हे योग्यच झाले.)

मग शाल आणि श्रीफळ. सत्कारातल्या शालींचे पुढे काय होते, हा प्रश्न मला पूर्वीपासून पडत आला आहे. सरांच्या घरी लाकडी कपाटाचा एक खण केवळ शालींसाठी होता. ऑगस्ट 2019 मध्ये पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यापाशी 43 फुटांची धोक्याची पातळी ओलांडली आणि पाणी वस्तीत शिरले, तेव्हा तो खण रिकामा झाला. शाली पूरग्रस्तांच्या निवाऱ्यात गेल्या. त्यामुळे आम्ही पांघरलेली शाल कुठे तरी कामाला येईल, याची मला खात्री होती आणि म्हणून, वर्गणी गोळा करताना, मी जाड शालीचा आग्रह धरला होता.

भाषणे लांबली. माझेही लांबले. सरांनी मला स्वतःची कंपासपेटी दिल्याची हकिगत मी सांगितली. घरी येऊन विचार केला, तेव्हा ती पेटी सरांची होती की शाळेच्या कपाटातली, हे मला सांगता येईना. सर्वांत रंगले ते शिवाजी उद्यमनगरात कारखाना असलेल्या मित्राचे भाषण. घरी पैसे नव्हते, दहावीच्या परीक्षेचा फॉर्म भरायचा शेवटचा दिवस होता आणि सरांनी कोणाला न सांगता त्याची फी भरली, हे सांगताना, "सर नसते तर मी आज हितं उभा न्हवतो," असे म्हणून तो धाय मोकलून रडला. समोरच्या रांगेतल्या बायकापोरांनीही डोळे पुसले. सर फेट्याखाली शांत बसून होते. त्यानंतर जेवण झाले. आखाड असल्यामुळे तांबडा-पांढरा रस्सा होता आणि शाकाहारी सरांसाठी वेगळी पंगत. त्या पंगतीला वाढणारा आमचाच एक वर्गमित्र दिवसभरात एक शब्दही बोलला नाही. "तू बोल की चार शब्द," असे म्हटल्यावर हातातली बादली दाखवून तो पुढे सरकला आणि जिलेबी न खाताच, काम आहे म्हणून, मोटारसायकलवरून निघून गेला.

सरांना घरी सोडायला मी गेलो. दसरा चौकातून जाताना त्यांनी काच खाली केली. भुदरगडकडच्या खेड्यातून शिकायला आल्यावर ते इथल्याच एका वसतिगृहात राहिले होते. 1917 साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत करणाऱ्या शाहू महाराजांच्या काळात या भागात निरनिराळ्या समाजांची बोर्डिंगे उभी राहिली, त्यांतलेच ते एक. "मी फुकट शिकलो," एवढेच म्हणून त्यांनी काच वर घेतली. बरेच पुढे गेल्यावर ते सहज म्हणाले, "त्याची फी मी भरलेली नाही हो. त्याच्या वडिलांनी गूळ विकून आदल्या दिवशीच आणून दिली होती. मी भरली ती त्याच्या मागच्या बाकावरच्याची."

मी गाडी जवळजवळ थांबवलीच. 35 वर्षे तो गृहस्थ मनापासून हेच मानत आला होता आणि आज तो पन्नास माणसांसमोर रडला होता. "मग तुम्ही तिथे सांगितले का नाही?" मी विचारले. वहीतली काडीइतकी चूक कधी न सोडणारे सर बाहेरच्या पावसाकडे पाहत राहिले आणि थोड्या वेळाने त्यांनी मला किती नारळ आले, ते मोजायला सांगितले. मी मागे वळून पाहिले आणि अकरा म्हणालो. "परत मोज," ते म्हणाले. बाराच होते, एक पायाशी घरंगळला होता.

गल्लीत वळलो, तेव्हा सरांच्या घरापुढे मोटारसायकल उभी होती. मागच्या बाकावरचा तो पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, शिडीवर चढून, गळक्या पत्र्यावर ताडपत्री बांधत होता. "आत जावा सर, भिजशीला," वरूनच तो म्हणाला, आणि मला खाली पडलेली सुतळी फेकायला सांगितली.