फूलबाजारातला पूल: सातवा महिना

फूलबाजारातल्या पुलाखाली फुटपाथवर झोपणाऱ्यांचे फोटो काढतोय. या महिन्यात सहा पहाटा, मिळून १४० क्लिक. पहिल्या महिन्यात एकाच पहाटे ४०० व्हायचे. तेव्हा लांबचं जवळ आणणारी ८५ एमएमची लेन्स लावून रस्त्यापलीकडून मारायचो. चेहरे झकास यायचे, पण फोटो पाळत ठेवल्यासारखे वाटायचे. आता फक्त ३५ एमएम. म्हणजे हातभर अंतरावर बसणं आलं. आधी चहा, मग गप्पा, जमलंच तर कॅमेरा.

जागा तीच, दादरच्या केशवसुत पुलाखालची. अंधार असतानाच फुलांचे टेम्पो लागतात आणि फुटपाथवर झोपलेली पोरं माल उतरवायला उठतात. तिथल्या एलईडी दिव्यांनी मला बरंच छळलं. शटर १/५०० सेकंदाला ठेवलं की फ्रेमभर आडवे पट्टे! आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे असा दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. शटर १/१०० किंवा १/५० ला ठेवलं की पट्टे जातात. १/५० ला गोणी उचलणारा हात पुसट येतो, पण तेच आता आवडायला लागलंय. अंधारामुळे आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाश टिपायची क्षमता, ३२०० वर. ग्रेन (फोटोत दाणे) येतो, येऊ दे.

१८ च्या आतल्यांचे चेहरे घेत नाही. २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे अशा बेघर मुलांची ओळख पटेल असा फोटो छापता येत नाही. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. अमेरिकन छायाचित्रकार मेरी एलन मार्क यांनी १९८३ साली सिॲटलच्या रस्त्यावर ‘टायनी’ नावाच्या मुलीचे फोटो काढले तेव्हा ती जेमतेम १३ वर्षांची होती. इथे आज ते चालणार नाही, आणि चालूही नये. त्यांचं घेण्यासारखं निराळंच आहे: २०१५ मध्ये निधन होईपर्यंत त्या टायनीकडे पुन्हा पुन्हा जात राहिल्या.

मी दर खेपेला ४ बाय ६ चे प्रिंट नेऊन देतो. या वेळी एका विशीतल्या मुलाचा होता. चपला उशाला, मोबाइल शर्टाच्या आत, गालाला झेंडूची पाकळी चिकटलेली, गाढ झोपेत. वर्षातली सर्वांत चांगली फ्रेम म्हणून मी खूश. त्याने पाहिला आणि परत केला. “हा नको दादा. मेल्यासारखा दिसतोय.”

निवडीतून काढला. जीव अजून अडकलाय, खोटं कशाला बोलू.

मग म्हणाला, “पासपोर्ट साइज काढ ना. कुरियरच्या कामासाठी फोटो लागतायत.” फूलवाल्या मावशींनी पांढरी चादर धरली, शर्ट मित्राचा, कॉलरचं बटण मी लावलं. आठ प्रती दिल्या. दोन कामाला लागल्या, उरलेल्या सहा चहावाल्याच्या बिस्किटांच्या डब्यात आहेत. फुटपाथवर कागद कोरडा राहत नाही.

पुढच्या खेपेला चादर घरूनच नेतोय. आणखी तिघांनी नंबर लावलाय.