बोआ आणण्याआधी पेटी पंधरा दिवस रिकामी चालवा

बोआ हा विळखा घालणारा मोठा साप पाळायला घ्यायचं पक्कं झालं असेल तर आधी पेटी आणा, हीटर लावा आणि साप न ठेवता पंधरा दिवस ती चालवून पाहा. नवख्यांकडचे बोआ आजारी पडतात ते बहुतेक दोन कारणांनी: तापमान चुकतं आणि खाणं जास्त होतं. पहिलं कारण रिकाम्या पेटीतच निस्तरता येतं.

त्याआधी कायद्याचं. भारतात अजगर, मांडूळ आणि दुरक्या घोणस हे आपले साप पाळणं गुन्हा आहे, त्याला पळवाट नाही. बोआ मूळचा मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला आणि साइटिसच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतला. त्यामुळे २०२२ साली दुरुस्त झालेला वन्यजीव संरक्षण कायदा आणि २०२४ चे नोंदणी नियम त्याला लागू होतात. केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर त्याची नोंद करावी लागते. ‘कागद नंतर देतो’ म्हणणाऱ्याकडून साप घेऊ नका. अमेरिकेत किंवा युरोपात राहणाऱ्यांनी राज्याचे, शहराचे आणि घरमालकाच्या कराराचे नियम वेगवेगळे तपासावेत. एका ठिकाणी चालतं ते दुसरीकडे चालेलच असं नाही.

दुकानात ‘कोलंबियन बोआ’ म्हणून मिळतो तो बहुधा बोआ इम्पेरेटर. जन्मतः जेमतेम दीड-दोन फुटांचं पिल्लू असतं. पुढे मादी साधारण सहा ते आठ फूट होते, नर त्याहून लहान राहतो. सुरिनाम-गयानाकडचे खरे ‘रेड टेल’ आणखी मोठे होतात, पचनाला नाजूक असतात आणि पहिल्या सापासाठी योग्य नाहीत. आयुष्य वीस ते तीस वर्षं. म्हणजे आज दहावीत असलेल्या मुलाच्या हट्टापायी आणलेला साप त्याच्या लग्नानंतरही घरात असणार, आणि तेव्हा उंदीर गरम करायची पाळी कोणाची, हे आजच ठरवा.

मोठ्या बोआला किमान सहा फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच पेटी लागते. मादी मोठी असेल तर आठ फुटी बरी. एका टोकाला ऊब, दुसरं टोक थंड. उबेच्या जागी पृष्ठभाग ३१ ते ३३ अंश, थंड बाजूला २५ ते २७. काचेवर चिकटवायचे गोल तापमापक काढून टाका, ते हवेचा अंदाज देतात, साप बसतो तिथला नाही. डिजिटल थर्मामीटरचा प्रोब, म्हणजे तापमान मोजणारं वायरचं टोक, साप बसेल त्याच जागी हवा. हीटर कोणताही असो, थर्मोस्टॅटशिवाय (ठरवलेल्या तापमानाला हीटर बंद-चालू करणारं यंत्र) लावायचा नाही आणि दिव्याभोवती जाळी हवीच. तापलेल्या हीटर-चटईवरून किंवा बल्बवरून साप वेळेवर बाजूला होत नाही. पोटाखालची कातडी भाजली तरी तिथेच पडून राहतो, आणि तुम्हाला कळतं ते खवले तपकिरी पडल्यावर.

लपायला दोन जागा द्या, एक उबेला, एक थंडाव्याला, अंग चारही बाजूंनी टेकेल इतक्या घट्ट. एकच दिली तर भित्रा साप ऊब सोडून लपायला थंडीत जातो आणि खाल्लेलं पचत नाही. आर्द्रता ६० ते ७० टक्के. तळाला अंथरायला कोकोपीट किंवा नारळाच्या सालीचे तुकडे चांगले, सीडरच्या लाकडाचा भुसा अजिबात नको. कात तुकड्यातुकड्यांत निघाली तर हवा कोरडी आहे असं समजा. डोळ्यावर पापुद्रा राहिला तर नखाने काढायला जाऊ नका. आर्द्रता वाढवा, पुढच्या कातेबरोबर तो निघेल. तरी राहिला तर डॉक्टर.

आता खाणं. बहुतेक लोक बोआला मारतात ते प्रेमाने, म्हणजे खाऊ घालून. पिल्लाला त्याच्या वजनाच्या दहा टक्क्यांपर्यंतचा उंदीर, दहा ते चौदा दिवसांनी. वाढलेल्या सापाचं प्रमाण उतरत जातं: पाच किलोच्या मादीला अडीचशे-तीनशे ग्रॅमचा एक उंदीर चार ते सहा आठवड्यांनी पुरतो. तो भुकेला दिसेलच. जंगलात भक्ष्य कधी मिळेल याचा भरवसा नसतो, म्हणून तो नेहमीच भुकेला दिसतो. अंगाचा आडवा छेद पावाच्या लादीसारखा हवा, गोल नळीसारखा नको. वळताना कातडीला वळकट्या पडल्या किंवा शेपटीच्या मुळाशी गोळे दिसले तर चरबी चढली आहे.

गोठवलेला उंदीर पिशवीत घालून रात्रभर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा, मग ४० अंशांच्या आसपासच्या पाण्यात पिशवीसकट अर्धा तास. मायक्रोवेव्ह नको, बाहेरून शिजतो आणि आत बर्फ राहतो. पोटाच्या मधोमध दाबून गार गाठ लागत नाही ना, ते पाहा. अर्धवट वितळलेला उंदीर सापाच्या पोटात पचण्याऐवजी सडतो आणि उलटी होते. लांब चिमट्यानेच द्यायचा. नंतर ४८ तास साप हातात घ्यायचा नाही.

बोआची उलटी किरकोळ समजू नका. आम्लाने अन्ननलिका भाजते आणि पचनाला लागणारे जंतूही बाहेर पडतात. दोन आठवडे फक्त पाणी, मग नेहमीच्या निम्म्या आकाराचं भक्ष्य, तेही महिन्याने एकदा. इथे घाई केली तर दुसरी उलटी ठरलेली. कारण सापडत नसताना पुन्हा झाली तर इन्क्लुजन बॉडी डिसीजची तपासणी करा. हा विषाणूजन्य रोग बोआ बाहेरून धडधाकट दिसत असतानाही अंगात बाळगू शकतो, आणि त्यावर इलाज नाही. म्हणून घरात आधीचा साप असेल तर नव्याला किमान ९० दिवस वेगळ्या खोलीत ठेवा. चिमटे, पाण्याचं भांडं वेगळं. काळ्या ठिपक्यांएवढे किडे पाण्यात तरंगताना दिसले तर ते गोचिडीच्या जातीचे माइट, रोग पसरवण्याचा त्यांच्यावर संशय आहे.

पेटी उघडली की आधी साप हाताळायच्या लांब हुकाने अंगाला हलकेच स्पर्श करा. दार उघडलं म्हणजे उंदीर आला, असं त्याच्या डोक्यात बसलेलं असतं. सहा फुटांपुढचा साप एकट्याने हाताळायचा नाही, घरात दुसरा मोठा माणूस हवा. चावला तर हात ओढू नका. दात मागे वळलेले असतात, ओढलं तर जखम फाटते आणि दात आत मोडतात. नाकावर गार पाण्याची धार सोडा, विळखा शेपटीकडून सोडवत या. डोक्याकडून सुरुवात केली तर तो आणखी आवळतो. नंतर साबणाने हात धुवा. सापाच्या अंगावर असू शकणाऱ्या साल्मोनेला जंतूंमुळे पाच वर्षांखालच्या मुलांनी सापाला हात लावू नये.

विदर्भाच्या उन्हाळ्यात हीटरचा नव्हे, गारव्याचा प्रश्न येतो. खोली ३५ अंशांवर गेली तर पेटीला थंड बाजूच राहत नाही. साप पाण्याच्या भांड्यात बसून राहिला किंवा तोंड उघडून श्वास घेऊ लागला तर लगेच कूलर किंवा एसीच्या खोलीत हलवा. ज्या आठवड्यात वीज सारखी जाते, त्या आठवड्यात उंदीर टाळा.