४८६ वर वेब सर्व्हर : तिसरा आठवडा

नव्वदच्या दशकातल्या ४८६ प्रोसेसरच्या पीसीवर वेब सर्व्हर चालवायचा खटाटोप चालू आहे. गेल्या खेपेला मदरबोर्डवरची, घड्याळ चालवणारी गळकी बॅटरी कापून काढण्यापर्यंत आलो होतो. तिथला हिरवा थर व्हिनेगरने पुसला, मग आयसोप्रोपिल मारलं. एक ट्रॅक अर्धवट खाल्ला गेलाय, पण अजून तग धरून आहे. बॅटरीच्या जागी सीआर२०३२ बटण-सेल बसवला, मध्ये डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) घालून. मूळची बॅटरी निकेल-कॅडमियमची. बोर्ड तिला सतत चार्ज करतो आणि बटण-सेलला ते चालत नाही. कुणी डायोड घालायचं विसरलं असेल तर आजच कॅबिनेट उघडा.

यंत्र डीएक्स२-६६, ८ एमबी रॅम, ऑपरेटिंग सिस्टिम डॉस ६.२२. सर्व्हर मायकेल ब्रुटमन यांच्या एमटीसीपी या डॉससाठीच्या नेटवर्क प्रोग्रामांच्या संचातला.

शनिवारची अख्खी दुपार नेटवर्क कार्डाने खाल्ली. रिअलटेक ८०१९ चं आयसा (जुन्या धाटणीच्या स्लॉटचं) कार्ड, एनई२००० या जुन्या कार्डासारखं वागणारं. पॅकेट ड्रायव्हर गुपचूप लोड व्हायचा, कसली तक्रार नाही, आणि राउटरकडून नेटवर्क पत्ता मागणारा डीएचसीपी मात्र वाट बघून हात टेकायचा. मी केबलवर संशय घेतला, दोन्ही टोकं पुन्हा क्रिंप केली. दोष निघाला आयआरक्यूचा (प्रोसेसरला हाक मारायच्या ओळीचा): कार्ड ३ वर, आणि तिथे कॉम-२ हा सिरियल पोर्ट आधीच ठाण मांडून बसलेला. कार्डाच्या सेटअपमधून १० केला, ड्रायव्हरच्या ओळीतही १० लिहिला, आणि पहिल्याच फटक्यात पत्ता मिळाला! मोबाइलवर पान उघडलं. फाइलचं नाव अर्थात इंडेक्स.एचटीएम, डॉसला टिंबानंतर चौथं अक्षर परवडत नाही.

रविवारी लॉग बघितला तर सगळ्या भेटी ११ तास मागच्या. वेळ एसएनटीपीने नेटवरून घेतोय, मग सेलवर राग काढण्यात अर्थ नव्हता. टाइमझोनच्या टीझेड या सेटिंगमध्ये मी 'आयएसटी+५:३०' लिहिलं होतं. तिथे चिन्ह उलटं असतं: स्थानिक वेळेत किती तास मिळवले की यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) येईल, ते लिहायचं. आपल्यासाठी उणे ५:३०. साडेपाच दुणे अकरा, हिशेब चोख.

संध्याकाळी लाइट गेली ती पाऊण तास. एटी या जुन्या धाटणीच्या कॅबिनेटची गंमत इथेच आहे: खटक्याचं बटण दाबलेलंच राहतं, त्यामुळे लाइट आली की यंत्र आपोआप सुरू होतं. सुरू होताना आपोआप चालणाऱ्या ऑटोएक्झेक.बॅटमध्ये ड्रायव्हर, डीएचसीपी, एसएनटीपी, सर्व्हर असा क्रम लावलेला होता. तरी पान उघडेना. माळ्यावर जाऊन मॉनिटर जोडला: कीबोर्ड सापडत नाही, एफ१ दाबा. कशाने दाबू? बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) 'हॉल्ट ऑन' म्हणजे कशावर अडून थांबायचं, त्यातून कीबोर्डला सूट दिली, मेन स्विच तीनदा पाडून बघितला. तिन्ही वेळा पान मिनिटभरात हजर.

आता डिस्क. तिची कटकट खालच्या खोलीत ऐकू येते. तिच्या जागी लावायला कॉम्पॅक्टफ्लॅश मेमरी कार्ड आणलंय, पण माझा बायोस ५०४ एमबीच्या पुढे बघत नाही. पुढच्या शनिवारी तेच.